मामांचा डावा हात

माझ्या बायकोच्या मामांइतका रस्त्याचे नियम पाळणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि हा माणूस सायकलवरून पडला तो माझ्यामुळे. यातली पहिली गोष्ट अंबरनाथपासून चामटोलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

मामा चामटोलीचे. अंबरनाथच्या फॅक्टरीत लेथवर नोकरी, आणि जाणं-येणं जन्मभर सायकलने. वळायच्या आधी हात दाखवायचा, ही त्यांची श्रद्धा. रस्त्यावर दाखवत ते ठीकच. पण घरात पडवीतून स्वयंपाकघराकडे वळतानाही त्यांचा डावा हात सरळ बाहेर यायचा. त्यामुळे मामी भाताचं पातेलं घेऊन कायम भिंतीला धरून चालायच्या. माझ्या लग्नात पंगतीकडे वळताना मामांनी असाच हात लांब केला, तर वाढप्याला वाटलं, म्हातारा भुकेला आहे. त्याने तळव्यावर जिलबी ठेवली. मामांनी ती खाल्ली, पण वळण पूर्ण झाल्यावर. शिवाय सायकलची घंटी काढून ते खिशात घेऊन हिंडत. रेशनच्या रांगेत, बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर, कुठेही पुढे गर्दी दिसली की ट्रिंग ट्रिंग, आणि मग "जय भीम, जरा डावीकडून." लाल रिफ्लेक्टरचं वेड तर विचारू नका. भाजीवाल्याची गाडी, शेजाऱ्याच्या म्हशीची शिंगं, मामींची छत्री, सगळं अंधारात चमकायचं. मामी म्हणायच्या, "आता माझ्या कपाळाला तेवढा लावायचा राहिलाय." मामा गंभीरपणे म्हणायचे, "अंधाराचं विहिरीवर जातेस, लावायला हरकत नाही."

या सगळ्या हसण्यामागे एक मरण होतं. मामांच्या शिफ्टचा जोडीदार सुट्टीच्या भोंग्यानंतर घरी निघाला असताना टँकरखाली गेला. मामा पंचनाम्याला उभे होते. ते नंतर मला म्हणाले, "जावईबापू, रस्त्याला कड नव्हती, दिवा नव्हता, खड्डा होता. यातलं काही लिहिलं नाही. सायकलवाला मध्ये आला, एवढंच लिहिलं." त्या दिवसापासून त्यांनी सायकलसाठी वेगळी वाट मागायला सुरुवात केली. आणि त्यांच्या दुर्दैवाने त्यांचा भाचजावई, म्हणजे मी, त्यांच्या रोजच्या वाटेवरल्याच एका नगरपालिकेत बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. कुठली पालिका ते सांगत नाही. इथे शेजारी शेजारी इतक्या आहेत, की कुठलीही समजा.

सर्वसाधारण सभा असली की मामा वर प्रेक्षकांच्या बाकावर हजर. हातात सायकलचा पंप, कारण तो खाली ठेवला तर चोरीला जातो. अर्थसंकल्पाच्या सभेत स्वागतकमानीला पैसे, कारंज्याला पैसे, कारंजं बंद पडल्यावर त्याच्या रंगरंगोटीला पैसे. आणि सायकलमार्गाचा विषय निघाला की सगळ्यांना चहा आठवायचा. एक नगरसेवक म्हणायचे, "काका, हवा भरायला आलात का? आता सायकल कोण चालवतो? पोरं हप्त्यावर बाइक घेतात." मामा उभे राहून म्हणायचे, "साहेब, पोरं घेतात. बापाचं काय?" खाली मी फायलीत डोकं घालून बसायचो. हे माझे नातेवाईक आहेत हे ऑफिसात कुणाला कळू नये, एवढीच माझी धडपड असायची.

अशी वर्षं गेली, मामा निवृत्त झाले, तरी सभेला येत राहिले. आणि एका वर्षी मार्च जवळ आला तेव्हा रस्त्यांचा थोडा निधी खर्चावाचून उरला. परत जाण्यापेक्षा काहीतरी करा, असं ठरलं, आणि त्या काहीतरीमध्ये मामांचा सायकलमार्ग बसला. नाल्याच्या कडेने रस्त्याची एक पट्टी वेगळी काढायची, तांबडा रंग द्यायचा, खालच्या गटारावर जागोजागी लोखंडी जाळ्या बसवायच्या. काम माझ्याकडे आलं. मामा रोज येऊन बघायचे आणि मजुरांना स्वतःच्या पैशाने वडापाव खिलवायचे. हसतील अशी भीती नसती, तर त्यांनी त्या तांबड्या पट्टीला फुलं वाहिली असती.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ठेकेदार माझ्याकडे आला. उल्हासनगरच्या कॅम्प एकचा सिंधी, स्वभावाने सरळ माणूस. म्हणाला, "साहेब, गडबड झाली. लेबरने जाळ्या लंबी टाकल्यात." मी जाऊन पाहिलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या हव्यात, म्हणजे चाक वरून निघून जातं. या सगळ्या जायच्या दिशेने उभ्या बसल्या होत्या आणि मधल्या फटी बरोबर सायकलच्या चाकाएवढ्या. "दो दिन द्या, माझ्या खर्चाने फिरवतो," तो म्हणाला, "नहीं तो किसी का चक्का फसेगा." मला वर्षअखेरीच्या आत बिल टाकायचं होतं. साहेबांना उद्घाटन पुढे ढकला म्हणायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "राहू दे. इथे सायकली येतात कुठे एवढ्या?"

हे वाक्य मी बोललो. मामांच्या रस्त्यावर उभा राहून बोललो. ठेकेदार म्हणाला, "आप की मर्जी, साईं."

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली आणि पहिली सायकल मामांची, असं सगळ्यांनी हसत हसत ठरवलं. इस्त्रीचा शर्ट, हँडलला झेंडूची माळ, मागे अर्थातच रिफ्लेक्टर. मला वाटलं होतं, ते थोडं जाऊन परत फिरतील. पण मामा शेवटच्या वळणापर्यंत गेले. तिथे त्यांनी आयुष्यभर दाखवला तसा डावा हात रुबाबात बाहेर काढला, आणि पुढचं चाक वळणाच्या कडेच्या जाळीत गेलं.

खुब्याचं हाड मोडलं. लोक धावले. कुणीतरी म्हणालं, "काका, हँडल दोन्ही हातांनी धरायचं ना." पुढच्या सभेत नगरसेवक म्हणाले, "मागणारेच पडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." सभा हसली, आणि मार्गाच्या पुढच्या टप्प्याचा निधी पार्किंगला गेला. मी खाली बसलो होतो, फायलीत डोकं घालून. कुणी जाळीकडे पाहिलं नाही. जाळीकडे बघणं हे माझं काम होतं.

हॉस्पिटलात मी रोज जायचो. एकदा मामा छताकडे बघत म्हणाले, "जावईबापू, चूक माझीच. हात दाखवायला नको होता. सायकलवाला मध्ये आला." मी मोसंबं सोलत होतो. ते सोलून झालं, मग दुसरं घेतलं. मामी म्हणाल्या, "किती करता हो तुम्ही यांचं." मी तिसरं मोसंबं घेतलं.

आता त्या तांबड्या पट्टीवर रिक्षा उभ्या असतात, पाणीपुरीच्या गाड्या असतात. गाडीवाल्यांना त्या जाळ्या फार आवडतात. चाक फटीत बसवलं की गाडी हलत नाही. एवढा उपयोग त्या कामाचा झाला. मामांनी सायकल गोठ्यात टांगली, तिच्यावर कोंबड्या बसतात. सभेला जाणं सोडलं. "जो चांगल्या रस्त्यावर पडतो, त्याने काय बोलायचं?" म्हणतात. घंटी मामींनी देवळीत ठेवली आहे. त्या आता पडवीतून मधोमध चालतात आणि भिंतीकडे बघतात.

गेल्या महिन्यात चामटोलीला गेलो होतो. काठी टेकत मामा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. वळणाशी त्यांचा डावा हात कोपरापर्यंत उठला, थांबला, आणि त्यांनी तो धोतराला पुसल्यासारखा करून खाली घेतला.

जाळ्या अजून तशाच उभ्या आहेत. त्या मला आडव्या करून घ्यायच्या आहेत. आणि त्याआधी मामांच्या समोर बसून सांगायचं आहे, की मामा, तुम्ही हात दाखवलात ते बरोबर होतं, जाळी चुकली होती आणि मला ते ठाऊक होतं. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.