उद्या सांगते

आमच्या मॅडमच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: "उद्या." नव्वदच्या दशकात मी रविवार कारंज्याजवळच्या त्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. गाठीचा तुकडा तपासायला घेऊन कुणीही येवो, उत्तर तेच. सर्जन मंडळी त्यांना पाठीमागे 'उद्याबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि थोडं आवडायचंही, असा माझा दाट संशय आहे.

पण मॅडम मंद मुळीच नव्हत्या. मी तुकडा मेणात बसवताना रेंगाळले तर खेकसायच्या, "अगं, तुकडा आहे तो, लोणचं नव्हे. मुरवत काय बसलीस?" तुकड्याचा पातळ काप लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची काच तयार झाली की मात्र त्यांची घाई संपे. संध्याकाळी त्या ती पाहत, मनाशी काहीतरी ठरवत आणि चकार शब्द न काढता घरी जात. सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून तीच काच पुन्हा पाहत, जणू काल पाहिलीच नव्हती. दोन्ही मतं जुळली तरच सही. "हाताला घाई चालते गं, सहीला नाही," म्हणायच्या.

पुढे जवळच नवी लॅब निघाली. तिथे रिपोर्ट संध्याकाळीच मिळू लागले आणि आमचा बाक रिकामा पडू लागला. मी धुसफुसायची. मॅडम शांत. "त्यांना जमत असेल. मला एका नजरेत जमत नाही."

एकदा मखमलाबादकडचा एक फुलशेतीवाला बायकोच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट न्यायला आला. "डाक्टरीनबाई, लय जीव टांगणीला लागलाय. आजच सांगा ना." तेवढ्यात सर्जनचाही फोन आला, त्यांना सकाळीच ऑपरेशन करायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "सुरी चालली की मागे घेता येत नाही, डॉक्टर. उद्या." त्या संध्याकाळी त्यांना कॅन्सरच वाटला होता, हे मला नंतर कळलं. सकाळी शंका आली. त्यांनी माझ्याकडून नव्यानं काप काढून घेतले. क्षयाची गाठ निघाली. बाई गोळ्यांवर बरी झाली, आणि दर दसऱ्याला आमच्याकडे झेंडूची पाटी येऊ लागली.

काही वर्षांनी एक दिवस मॅडमनी पर्समधून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. आत तुकडा होता, बाटलीवर त्यांचंच नाव. "नेहमीसारखंच कर," एवढंच म्हणाल्या. काच तयार झाल्यावर संध्याकाळी त्यांनी ती पाहिली. मी तोंडाकडे बघत उभी. "उद्या," म्हणाल्या आणि चप्पल घालून गेल्या. इतक्या वर्षांत त्या शब्दाचा मला कधी एवढा आधार वाटला नव्हता.

सकाळी खिडकीशी बसून त्यांनी पुन्हा पाहिलं. मग चष्मा काढला. "कालचंच आहे गं. काच पुण्याला पाठव, माझ्या रिपोर्टवर माझीच सही नको."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, अजून एकदा बघा ना. उद्या."

त्यांनी माझा हात धरला. "नाही गं. दोनदा नीट पाहिलं, झालं. आता थांबले तर ती काळजी नव्हे, भीती."

पुढच्या दसऱ्याला झेंडूची पाटी आली तेव्हा मॅडम या जगात नव्हत्या. "बाई कुठंयत?" फुलशेतीवाल्यानं विचारलं. "उद्या सांगते," मी म्हटलं.