सड्यावरचं ग्राउंड

बोअरची गाडी वाडीच्या रस्त्यावर उभी होती आणि सरपंच शुभांगीताईंच्या हातात नारळ होता. मी म्हटलं, "थांबा. नारळ फोडू नका."

वाडी रत्नागिरीपासून फार लांब नाही. जमिनीखालचं पाणी तपासणं ही माझी नोकरी. बोअर कुठे मारावी हे सांगायला मला बोलावलं होतं. मारू नका, हे ऐकायला कुणीच बोलावत नाही.

"मॅडम, मे महिन्यापर्यंत वाहनारा झरा संक्रांतीलाच आटला," शुभांगीताई म्हणाल्या. "शिमग्याला प्रत्येक घरात मुंबईची मानसा येनार. त्यांना आंघोळीला पानी कुटून देऊ?"

प्रश्न रास्त होता. पण पाऊस तर भरपूर झाला होता. मग झऱ्याचं पाणी गेलं कुठे?

इथलं गणित सोपं आहे. डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, तो सडा. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकणमातीचा थर. तिथे पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतं. बोअरने तो थर फोडला, की पाण्याला खोल जायला वाट मिळते. मग झरा कायमचा गेला, आणि बोअरला पाणी लागेलच याची खात्री कुणी देत नाही.

"मला सड्यावर जायचंय," मी म्हटलं.

ड्रायव्हर करवादला, "मॅडम, पुढचं गाव वाट बघतंय."

"बघू दे."

शुभांगीताई आणि त्यांचा दीर मंगेश बरोबर आले. वर पोचले आणि मला हसूच फुटलं. सड्यावर देखणं क्रिकेट ग्राउंड! लाल मातीचा भराव, रोलर फिरवलेला, बाउंड्रीला चुना.

"इथे आधी काय होतं?"

"तळा होता," मंगेश म्हणाला. "पावसात भरायचा. डिसेंबरपर्यंत चिखल. टूर्नामेंट कशी घेनार? म्हनून गेल्या उन्हाळ्यात भरून टाकला. पानी साचू नये म्हनून चर पन मारला."

चर सरळ पलीकडच्या उतारावर उतरत होता. म्हणजे यांच्या झऱ्याचं पाणी पोरांनी मोठ्या मेहनतीने शेजारच्या गावाला दिलं होतं.

शुभांगीताईंनी दिराकडे असं पाहिलं की मलाच त्याची दया आली.

"वैनी, फीत तूच कापलीस ना," तो पुटपुटला.

मी सगळं समजावलं. भराव काढा, चर बुजवा, तळं पुन्हा भरू द्या. टूर्नामेंट मे महिन्यात घ्या, तेव्हा सडा ठणठणीत कोरडा असतो. पण झरा पुढच्या पावसाळ्यानंतरच वाहील. या शिमग्याला नाही.

मंगेशचा चेहरा उतरला. डिसेंबरची टूर्नामेंट म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणि शुभांगीताईंनी तर वाडीला याच शिमग्याचा शब्द दिला होता. खाली गाडी हॉर्न वाजवत होती.

"मॅडम, पुढच्या वर्षी झरा वाहील हे नक्की?" शुभांगीताईंनी विचारलं.

"पाऊस पडला, तर नक्की."

त्या दिराकडे वळल्या. "मंगेश, जा. गाडी परत धाड. यंदा टँकर आनू. वरच्या घरांना हंडे तुझी टीम पोचवील. अख्खी टीम."

तो शिमगा वाडीने टँकरवर काढला. अकरा धट्टेकट्टे खेळाडू खांद्यावर हंडे घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत होते आणि बायका दारात उभ्या राहून त्यांचा स्कोअर सांगत होत्या. पावसाळ्याआधी त्याच खेळाडूंनी भराव उपसला.

पुढच्या शिमग्यात शुभांगीताईंचा फोन आला. मागे इतका गोंगाट की त्या ओरडूनच बोलत होत्या. "मॅडम, घर मानसांनी भरलाय! कोन आंघोळ करतोय, कोन कपडे धुतोय. मी कुनाला 'पानी जपून वापरा' म्हटला नाय!"

मला फार बरं वाटलं. मंगेशची टीम मात्र त्यानंतर मेच्या उन्हात झालेल्या टूर्नामेंटमध्ये पहिल्याच मॅचला हरली आणि त्याचं खापर अजून माझ्यावर फुटतं.

झरा आटला की लोक खाली भोक पाडायला धावतात. माझा सल्ला एवढाच, आधी डोंगर चढा आणि वर कोण काय खेळतंय ते बघून या.