हरलेल्या खटल्यातल्या आमच्या मॅडम

चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. मी पिंप भरलं, घागरी भरल्या, शेवटी वरणाच्या पातेल्यातही पाणी धरलं आणि तशीच ओल्या पदरानं कोर्टात गेले. साक्षीचं समन्स होतं, आणि कोर्टाची तारीख काही पाण्याचा दिवस बघून पडत नाही. साक्षीदारांच्या बाकावर टेकले तोच काळ्या कोटातल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. पदराकडं बघून म्हणाल्या, "आज तुमच्याकडं पाणी होतं वाटतं. आमच्याकडं उद्या आहे."

आदरणीय महानंदाताई पाटणे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी. तेव्हा त्या सरकारी वकील होत्या. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांनी जिंकलेल्या खटल्यांबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. ते खटले मी पाहिलेले नाहीत. मी त्यांनी हरलेल्या एका खटल्यातली साक्षीदार आहे. त्याबद्दल लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "लिहा की. कौतुक वाचून लोक दमतील, मध्ये जरा विसावा."

आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. सात रस्ता चौकाजवळ त्यांच्या सायकलला ट्रकनं उडवलं आणि ते गेले. ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा खटला भरला, तो मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कोर्टात चालला. ज्या फळवाल्यानं सगळं पाहिलं होतं, तो साक्षीत फिरला. उरले मी. माझे दीर सोपानभाऊजी त्या दिवशी बाकावर शेजारी बसून एकच सांगत होते, "वहिनी, ट्रक भरधाव आला म्हणायचं. न्हाईतर सुटतंय बघा ते."

मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि काय पाहिलं ते विचारलं. मी म्हणाले, "ट्रक भरधाव आला."

"तुम्ही कुठं होता?"

"भाजीच्या गाड्यापाशी."

"तोंड कुणीकडं?"

"मेथीकडं."

"मग ट्रक मेथीत दिसला का?"

भाऊजी तापले. "मॅडम, तुमी आमच्या बाजूच्या का त्याच्या?"

"मी सरकारच्या बाजूची," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्यात तुम्ही पण आलात, आणि तो पण आला."

मग त्यांनी मला पुन्हा विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं. आवाज झाला म्हणून मी वळले. मालक रस्त्यावर पडलेले होते आणि माझ्याकडंच बघत होते. थोडा वेळ. मग बघेनासे झाले. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही न पाहिलेलं एक वाक्य बोललात की उलटतपासात समोरचे वकील ते धरणार. मग तुमचं सगळंच खोटं ठरवणार, ते तुमच्याकडं बघत होते हे सुद्धा. हे तुमचं एकटीचं आहे. ते खोटं पडू द्यायचं का, तुम्हीच ठरवा. पण एवढंच सांगितलंत तर तो सुटू शकतो, हेही मी आत्ताच सांगून ठेवते."

मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली आणि पाहिलं तेवढंच सांगितलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे ट्रकचा वेग तुम्ही पाहिला नाही?" मी म्हणाले, "नाही पाहिला." पुढं विचारायला त्यांच्याकडं काही उरलं नाही. साहेब टाइप करणाऱ्याला म्हणाले, "बाईंच्या शब्दांत घ्या, बदलू नका."

निकाल लागला. संशयाचा फायदा मिळून ड्रायव्हर सुटला. हरलेले वकील अशा वेळी पक्षकाराला टाळतात, असं ऐकून होते. मॅडमनी आम्हाला आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि निकाल पहिल्यापासून वाचून दाखवला. माझ्याबद्दल त्यात लिहिलं होतं, की ही साक्षीदार विश्वासार्ह आहे, तिच्या सांगण्यावर शंका घेण्यास कारण नाही.

"मंग सोडलं कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"ताईंनी वेग पाहिलेला नाही, म्हणून. फौजदारीत शंका उरली की आरोपी सुटतो. भरपाईचं कोर्ट वेगळं. तिथं पारडं कुणाचं जड, तेवढंच बघतात."

मी सातवीपर्यंत शिकलेली, पण हाताला लागेल ते वाचते. पूर्वी आपल्याकडं ज्यूरी बसायची असं कुठंतरी वाचलं होतं. ती असती तर, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ज्यूरीत तुमच्या गल्लीतल्या बायका बसल्या असत्या ना, तर ड्रायव्हर राहू द्या, ट्रकचा मालक आणि तो फळवाला पण आत गेला असता. ती पद्धत बंद झाली ते बरं झालं."

भाऊजी हसले. भाऊ गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

भरपाईच्या दाव्यात मी तेच बोलले, तेवढंच. तिथं ट्रक कुठं थांबला, सायकल कुठं पडली, ते पंचनाम्यात होतं. त्याला माझं बोलणं जोडून निकाल आमच्या बाजूनं झाला. मॅडमना सांगायला गेले, तर त्या एका म्हाताऱ्या साक्षीदाराला आपल्या डब्यातली पोळी खाऊ घालत होत्या. उपाशी माणूस प्रश्नाला हो म्हणत सुटतो, असं त्यांचं मत आहे. ते खरं असो वा नसो, त्या निवृत्त होईपर्यंत त्यांचा डबा त्यांना पुरा कधी मिळाला नाही.

आता डबा त्यांचा त्यांना मिळतो. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं मात्र त्या चुकवतात आणि विचारलं की विषय बदलतात. मॅडम, गुडघे सांभाळा. तुमच्या पंचाहत्तरीलाही मला लिहायचं आहे, आणि तेव्हा तुम्हाला जिने चढून येताना मला बघायचं आहे.

मालकांची आठवण रोजच येते. ते माझ्याकडं बघत होते, एवढं माझ्यापाशी आहे, आणि ते कुणी खोटं पाडलेलं नाही.

ड्रायव्हर सुटला त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी घरातलं आवरून पुन्हा कोर्टात गेले. माझी तारीख नव्हती. साक्षीदारांच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. मॅडम माझ्यापाशी आल्या होत्या, तशीच मी तिच्याशेजारी जाऊन बसले.