आतोबांचं जास्तीचं पान

रत्नागिरीला समुद्र दिला आहे तो आमच्या आतोबांना त्याच्याकडे बघत जेवता यावं म्हणून, याबद्दल निदान आतोबांच्या मनात कधी शंका नव्हती. मासेमारी, बंदर, पर्यटन वगैरे त्याचे इतर उपयोग लोकांनी मागाहून शोधून काढले. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सुट्टीत पुण्यामुंबईचे पाहुणे आले की त्यांना गाव दाखवण्याचं काम आपसूक आतोबांकडे जाई, आणि आतोबा गाव दाखवत ते दोन खाण्यांच्या मधल्या वेळात. किल्ला कशाला चढायचा, तर भूक लागायला. दीपगृह कशाला बघायचं, तर लागलेली भूक जरा ताणायला. एका चौकस पाहुण्याने किल्ल्याचा इतिहास विचारला, तेव्हा आतोबा म्हणाले, "खाली उतरल्यावर सांगतो, इथे वारा फार आहे." खाली कांदाभजी तयार होती, त्यामुळे इतिहास राहूनच गेला.

जेवण चविष्ट हवं हे त्यांना मान्य होतं, पण ती दुय्यम बाब. मुख्य म्हणजे जागा निवांत हवी. तिच्या कसोट्या त्यांनी स्वतः घडवल्या होत्या. खुर्चीचे पाय वाळूत रुतले पाहिजेत. सरकते ती खुर्ची कचेरीतली. दारातलं मांजर जाड आणि आळशी हवं, म्हणजे मासा ताजा आणि मालक दिलदार. मालकाने "काय देऊ?" असं विचारण्याआधी "कधी आलात?" असं विचारलं पाहिजे. छापील मेनूकार्ड दिसलं की ते चपला घालायलाच लागत. म्हणत, "काय मिळणार ते ज्याला महिनाभर आधी ठाऊक आहे, त्याने समुद्राला विचारलेलं नाही." एकदा माझ्या साहेबांच्या आग्रहाखातर त्यांना थंडगार काचेच्या हॉटेलात जावं लागलं. वेटरने तिसऱ्यांदा येऊन "आणखी काही आणू?" म्हटलं. आतोबा शांतपणे म्हणाले, "हो, थोडा वेळ आण." साहेब खळखळून हसले. वेटरने मात्र बडीशेप आणली.

पालीची गोष्ट तर आमच्या घराण्यात पोथीसारखी सांगतात. कोल्हापूरला आत्याच्या भाचीचं लग्न होतं आणि गाडी पालीला चहापुरती थांबली होती. आतोबा उतरले, टपरीवर बसले. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा बटाटेवडे कढईत होते. आत्या खिडकीतून हाका मारत राहिली, आतोबा हाताने "येतो, येतो" करत राहिले आणि एसटी निघून गेली. वडे खाऊन, वर दोन चहा घेऊन ते उलट्या गाडीने समाधानाने घरी आले. आत्या परतल्यावर चार दिवस बोलत नव्हती. आतोबांचं म्हणणं एवढंच, की लग्न माझ्यावाचून लागलं, वडे माझ्यावाचून गार झाले असते.

पण त्यांचा खरा जीव होता तो भाट्याच्या किनाऱ्याला, सुरूच्या बनामागच्या वैनींच्या खानावळीवर. वैनींचे यजमान हयातभर होडीवर होते. ते गेल्यावर वैनींनी अंगणात माडाच्या झापांचा मांडव घातला आणि चूल मांडली. तिथला रिवाज असा, की सकाळी फोन करून किती पानं ते सांगायचं. वैनी तेवढेच मासे घेत. सौंदाळे तळलेले, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. मांजर इतकं जाड, की उंदीर त्याच्या अंगावरून गेला तरी ते कूस बदली. आतोबांच्या लेखी पृथ्वीवर याहून निवांत जागा नव्हती.

आणि तीच बंद व्हायची वेळ आली. वैनींना एका दुपारी चुलीपाशी चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर जेवत नाहीत. वैनी जेवत शेवटचं पान उठल्यावर, म्हणजे चारला, आणि तेही उरलं तर. त्यांचा मुलगा लोट्याला कारखान्यात होता, भोंग्यावर जेवणारा माणूस. त्याने साफ सांगितलं, खानावळ बंद करा आणि माझ्याकडे चला. वैनींना जायचं नव्हतं, पण पाव्हण्यांच्या आधी जेवायचंही नव्हतं. आतोबा त्यांना समजावून थकले. वैनी म्हणाल्या, "तुमी जेवताव नी मी कशी बसू?" या प्रश्नाला कोकणात उत्तर नाही. आतोबांनी मुलाकडून महिन्याची मुदत मागून घेतली आणि दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर पाच पानं सांगितली. होतो आम्ही चौघे. वैनींनी पाचही पानं वाढली, तेव्हा आतोबा रस्त्याकडे बघून न आलेल्या पाव्हण्यावर चिडचिड करू लागले. वैनी म्हणाल्या, झाकून ठेवते. आतोबांनी मान हलवली. "वाढलेलं पान उचलायचं नाही, वैनी. आमच्यात चालत नाही." असली रीत आमच्यात कधीच नव्हती. अन्न वाया जाणार म्हटल्यावर वैनींचा नाइलाज झाला. हात पुसून, आमच्याकडे पाठ करून त्या टेकल्या. दर दोन घासांनी उठायला बघत, म्हणून आतोबा स्वतःच उठले. लग्नाच्या पंगतीतही ज्यांनी मीठ वाढलं नाही, ते आतोबा भाकरीची टोपली घेऊन फिरत होते. सोलकढी त्यांनी माझ्या मांडीवर सांडली. पण वैनी दीडला जेवल्या.

मग आतोबांनी नेहमीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फितवलं. जो तो एक पान जास्त सांगू लागला, आणि भाट्याच्या वाटेवर रोज एक पाव्हणा हरवू लागला. महिना भरला तेव्हा मुलगा आला. दुपारचा दीड वाजला होता, आई पंगतीत बसली होती आणि आतोबा तिला भात वाढत होते. तो पुढे झाला. आतोबांच्या हातून भाताचं पातेलं घेतलं आणि पुढचं वाढप त्याने केलं; आईला लोट्याला न्यायचं पुन्हा काढलं नाही. निघताना वैनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पावणा काय कधी आला नाय. पण त्याच्या नावानं मी जेवली." आतोबांनी असा चेहरा केला, की जणू त्यांना काही समजलंच नाही.

आता आतोबांचे गुडघे गेले आहेत. मुलीने त्यांना आणि आत्याला पुण्याला नेलं. फ्लॅट चांगला आहे, मुलगी जीव लावते. पण ते पाचव्या मजल्यावर भिंतीकडे बघत जेवतात आणि जेवण दहा मिनिटांत उरकतं, हे मला फार लागतं. पाहुण्यांना भाट्याला मी नेतो. वैनी खुर्च्या मांडताना अजून आतोबांची जागा समुद्राच्या बाजूने ठेवतात, आणि हल्ली दीड वाजता न सांगता तिथेच बसतात.

गेल्या रविवारी आतोबांचा फोन आला. आधी तब्येत नाही, हवा नाही, एकदम म्हणाले, "किती पानं सांगितलीस?"

"सहा. होतो आम्ही पाच."

"बसल्या?"

"बसल्या. दीडला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. आता मासा कुठला होता तिथपासून सांग. घाई करू नकोस."