टॅक्सवालीच्या पिशवीतला ऑक्सिमीटर

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मला पाहून माळीपुऱ्यातल्या अख्ख्या गल्लीने धडाधड दारं लावून घेतली... आणि आज त्याच गल्लीतून मी इतकी खूश होऊन आलेय की आंघोळ झाल्या झाल्या हे लिहायला बसले!

मी अकोल्याजवळच्या एका नगरपालिकेत टॅक्स वसुलीला आहे. राहते जठारपेठेत, रोज स्कुटीने जाणं-येणं. अकरा वर्षांत मला पाहून त्या गावात कुणी "या, बसा" म्हटलेलं नाही.

कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे सध्या वसुली बंद. आठवडी बाजार बंद, त्यामुळे त्याच्याही पावत्या नाहीत... तिजोरीत नुसता खडखडाट. कंत्राटी लोकांचे दोन महिन्यांचे पगार अडकलेत, पण पाणी, कचरागाडी, अ‍ॅम्ब्युलन्स थांबवून कसं चालेल? माणसं अपुरी पडायला लागली तेव्हा साहेबांनी आम्हा वसुलीवाल्यांच्या हातात ऑक्सिमीटर दिले आणि घरोघरी सर्व्हेला पिटाळलं.

आणि मी शहाणीने काय करावं? तो ऑक्सिमीटर वसुलीच्याच खाकी पिशवीत टाकला! गावातलं शेंबडं पोरसुद्धा ही पिशवी ओळखतं. सोबतच्या आशा कार्यकर्त्या वंदनाताई शेवटी वैतागल्या. "मॅडम, तुमची थे पिशवी पाहून लोकं दारं लावून राहिले ना!"

तेवढ्यात नामदेवकाकांचं घर आलं. घरी काका आणि काकू दोघंच, फुलांची शेती. लग्नं नाहीत, देवळं बंद, झेंडू वावरातच वाळलेला... त्यात तीन वर्षांची घरपट्टी बाकी. सर्व्हेच्या आधीच्या दोन्ही फेऱ्या शाळेतल्या गुरुजींनी केल्या होत्या आणि दोन्ही वेळचा शेरा एकच, 'घर बंद'.

मी दार वाजवलं. आतून काकांचा खणखणीत आवाज आला, "घरी कोनी नाही!"

वंदनाताई तिसऱ्यांदा तोच शेरा लिहायला निघाल्या. मी म्हटलं, थांबा... या विषयात माझा हात कुणी धरणार नाही. दाराला कुलूप नाही, उंबऱ्याशी दोन जोड चपला, दोरीवर ओलं लुगडं. आणि आतून खोकला. काकांचा नाही, बाईमाणसाचा... ढास लागली की संपतच नव्हती.

मी पिशवी रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली, यंत्र तेवढं हातात घेतलं आणि खिडकीसमोर उभी राहून ओरडले, "काका, टॅक्स नाही पाहिजे मले! काकूचं बोट दाखवा फक्त!"

पाच मिनिटं... दहा मिनिटं... वंदनाताईंनी दोनदा खुणावलं, पण मी काही हलले नाही. शेवटी खिडकी जराशी किलकिली झाली. "खरंच पावती नाही ना फाडत?" मी आईची शपथ घेतली. मग काकूंचा हात खिडकीतून बाहेर आला.

ऑक्सिजन चौऱ्याऐंशी! पंच्याण्णवच्या वर हवा तो. मला वाटलं यंत्रच बिघडलं. दुसऱ्या बोटाला लावलं, तरी तेच.

लगेच रफिकभाईंना फोन केला. ते पालिकेच्या अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, त्यांचाही पगार झालेला नव्हता. तरी दहा मिनिटांत गाडी दारात! काका हात जोडून उभे होते. "मले वाटलं तुमी पैशासाठी येऊन राहिल्या... म्या तिले खोकू बी नोको म्हटलं वो." मला त्यांचा राग नाही आला. आपल्याला पाहून माणूस एवढा घाबरतो, याचंच वाईट वाटलं.

काकू दवाखान्यात होत्या ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. ऑफिसात पाऊल टाकलं की आधी रफिकभाईंना गाठायचं... "काकू कशा आहेत?" दोनदा ते "अजून ऑक्सिजनवरच" म्हणाले, तेव्हा मला डबा गेला नाही.

आणि आज काकू घरी आल्या! स्वतः गाडीतून उतरल्या, स्वतःच्या पायांनी चालत ओट्यावर जाऊन बसल्या. मला पाहिलं आणि बोट पुढे केलं. सत्त्याण्णव! मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या हो!

मग काकू दम घेत घेत म्हणाल्या, "गुर्जी बिचारे भले मानसं. कोनी नाही म्हटलं का चालले जात. तुमी टॅक्सवाल्या... तुमाले आयकाची सवयच नाही. म्हनून वाचली मी."

सगळी गल्ली हसली. मीही हसले, पण मास्क आतून ओला झाला होता.

नवीन कुणी भेटलं की मी आजवर 'पालिकेत आहे' एवढंच सांगून विषय बदलायचे. वसुलीचं नाव घ्यायला लाज वाटायची. म्हणून आज मुद्दाम इथे सगळ्यांसमोर लिहितेय... मी टॅक्सवाली आहे. दार वाजवते, आणि उघडेपर्यंत हलत नाही.