कागदातले मश्रूम

नंदाताईंच्या घरी भाजी आली की आधी तिची आंघोळ व्हायची, मगच तिला फ्रीजमध्ये जागा मिळायची. सरकारी कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. स्वतःचीही चूक होऊ शकते, ही कल्पनाच त्यांना नव्हती.

२००३ साली मुलगा धम्मदीप हिंजवडीला आयटीत लागला आणि त्याला मश्रूमची चटक लागली. कात्रजला त्यांच्या सोसायटीबाहेर ज्ञानदेवची भाजीची गाडी असायची. त्यानं हौसेनं घरामागच्या खोलीत भुशावर मश्रूम पिकवायला घेतले होते. कागदी पिशवी हातात देत तो म्हणाला, "ताई, पानी लावू नका. कागदातच फ्रीजात ठेवा, करायच्या टायमाला धुवा. तीन दिवस कायबी होत न्हाई."

"स्वच्छता मला शिकवू नका," नंदाताई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी मश्रूम खळखळून धुतले आणि ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले. दोन दिवसांनी पाहिलं तर काळपट डाग, बुळबुळीत अंग आणि आंबूस वास. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग काय, नंदाताई तडक गाडीवर गेल्या आणि चार बायकांदेखत ती पिशवी त्यांनी ज्ञानदेवच्या नाकाखाली धरली.

"सडका माल विकता? जमत नसेल तर बंद करा!"

ज्ञानदेवनं मान खाली घातली. बातमी सोसायटीभर व्हायला संध्याकाळही लागली नाही.

वर्षभरानं सून आली, निकिता. तिनं बाजारातून आणलेले मश्रूम न धुताच कागदात गुंडाळून ठेवले. आता हिची फजिती होणार, म्हणून नंदाताई वाट पाहत बसल्या. तिसऱ्या दिवशी पुडी उघडली, तर मश्रूम कोरडे, घट्ट, पांढरेशुभ्र. त्या दिवशी नंदाताईंना जेवण गेलं नाही. एका माणसाची उमेद आपण फुकट मोडली, हे त्यांना फार लागलं.

संध्याकाळी त्या गाडीपाशी गेल्या. गाडीवर नुसते कांदे-बटाटे होते.

"मश्रूम नाहीत?"

"बंद केलं, ताई. खोली भाड्यानं दिली." तो ओशाळून हसला. "तुमचंच खरं हाय. माझ्या हाताला ते जमत न्हाई. तोंडावर सांगितलंत, बरं केलंत."

नंदाताईंनी बोलायला तोंड उघडलं. शेजारी एक बाई बटाटे निवडत होती. चार बायकांदेखत ओरडता आलं होतं, एकीदेखत चूक कबूल करता येईना.

"किलोभर कांदे द्या," त्या म्हणाल्या.

ज्ञानदेवनं कांदे तोलले आणि वर आणखी दोन टाकले.