वखारीतली चूल

कोकणातल्या एका खाडीकाठी आम्ही फ्रेंचांची जुनी वखार उकरत होतो. एका दुपारी स्वयंपाकघराच्या जागी मातीची चूल निघाली. खोदकामावरच्या सुलोचनाबाई तिच्यापाशी बसल्या आणि तिच्या कडेवर उमटलेल्या बोटांच्या रेघांवर त्यांनी आपली बोटं ठेवली. बोटं रेघांत नेमकी बसली.

“ताई, वखार असेल फ्रेंचांची. पण ही चूल आमच्या बाईनं घातलीय. अशी बोटं ओढून आम्हीच लिंपतो,” त्या ताठ मानेनं म्हणाल्या.

वखारीच्या साहेबांची नावं कागदोपत्री सापडतात. त्यांना रांधून घालणारीचं सापडत नाही. तिची बोटं ओळखायला माझी पदवी पुरली नव्हती. नोंदवहीत ‘शोध कोणी लावला’ या रकान्यात मी सुलोचनाबाईंचं नाव लिहिलं, आडनावासकट.